खाऊचे पैसे दोन दिवसांत संपतात

प्रश्न : मुलगा सहावीत आहे. दर सोमवारी त्याला ६० रुपये देतो. बुधवारी हात रिकामा, मग तो आजीकडून घेतो. रक्कम वाढवावी की बंदच करावी?

उत्तर : दोन्ही नको. पैसे संपल्याचं त्याला काही वाटत नाही, कारण संपले की आजीकडून मिळतात. आधी आजीशी बोला, आणि तेही मुलाच्या माघारी. लाड करू नका असं म्हणू नका; दिवाळीला, वाढदिवसाला मनापासून द्या, एरवी सोमवारपर्यंत थांबा, एवढीच विनंती करा. हे जमलं नाही तर पुढचं काहीच जमणार नाही.

मग हे ६० रुपये कशासाठी ते ठरवा. वह्या, पेन, बसभाडं हा तुमचा खर्च. वडापाव, स्टिकर, मित्राच्या वाढदिवसाचं कार्ड हा त्याचा. ही यादी फ्रिजवर लावा, नाहीतर दर आठवड्याला वाद होतो. पैसे १० च्या सुट्ट्या नाण्यांत द्या. ५० ची नोट मोडली की उरलेले कुठे गेले ते कळत नाही. ४० खर्चाच्या डब्यात, २० साठवणीच्या. डबा पारदर्शक हवा, भरत चाललेला दिसला पाहिजे.

साठवण बहुतेक घरांत इथेच फसते : मूल ४०० रुपयांची रॅकेट ठरवतं, म्हणजे २० आठवडे. या वयाला तेवढा धीर नसतो, पाचव्या आठवड्यात डबा फुटतो. पहिली वस्तू आठ आठवड्यांत मिळेल अशी निवडा, म्हणजे १६० रुपयांपर्यंतची. रॅकेटच हवी असेल तर ३२० ची शोधा; त्याचे १६० झाले की उरलेले १६० तुम्ही घाला, आधी नाही.

बुधवारी पैसे संपले तर चार दिवस तसेच जाऊ द्या. डबा घरून असतो, उपाशी तो राहत नाही. ‘सांगितलं होतं ना’ हे वाक्य मात्र टाळा. ते ऐकलं की मूल पुढचा खर्च लपवतं, आणि लपवलेला खर्च सुधारता येत नाही. उचल पहिले तीन महिने देऊच नका.

घरातल्या कामांचे पैसे देऊ नका, मार्कांचे तर मुळीच नकोत. ताट उचलायचे किती, असा भाव मुलं फार लवकर करू लागतात. तुमच्या फोनवरच्या गेममध्ये कार्ड साठवलेलं असेल तर ते आजच काढा. यूपीआयचा पिन त्याला माहीत नसावा.

प्रश्न : मुलीला दहा वर्षं पूर्ण झाली. ओवाळणीचे २,३०० रुपये जमलेत. तिच्या नावावर खातं निघेल का?

उत्तर : निघेल. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२५ च्या परिपत्रकानुसार दहा वर्षांवरच्या मुलांना बचत खातं स्वतः उघडू आणि चालवू देण्याची मुभा बँकांना आहे. किती रकमेपर्यंत, ते प्रत्येक बँक ठरवते. पोस्टातही दहा वर्षांनंतर मुलांच्या स्वतःच्या नावे खातं निघतं. तिथे किमान ५०० रुपये लागतात.

पोस्टात महिन्याचं व्याज १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर मोजतात. १२ तारखेला भरलेल्या पैशांवर त्या महिन्याचं व्याज नाही, आणि शिल्लक ५०० खाली गेली तरी नाही. म्हणून भरणा १० च्या आत करा. वर्षाला ४ टक्क्यांनी १,००० रुपयांवर ४० होतात. हा हिशोब आधी तिलाच कागदावर करू द्या, मग पासबुकातल्या नोंदीशी ताडू द्या.

२,३०० पैकी ३०० तिच्या हाती ठेवा. सगळेच काढून घेतले की बँक म्हणजे मोठ्यांनी पैसे नेण्याची जागा, असं तिला वाटतं. स्लिप तिने भरावी, खिडकीशीही तिनेच उभं राहावं. पोस्टाचं आवर्ती ठेव खातं दरमहा १०० रुपयांपासून पाच वर्षांसाठी असतं, पण हप्ता चुकला की शंभरामागे एक रुपया दंड बसतो. बचत खात्यात सलग सहा महिने स्वतःहून भरणा झाला, तरच ते उघडा.