आमचा पंक बँड दहा महिन्यांत मोडला. गल्ल्यात उरलेले ३२ हजार वाटून घ्यावेत का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही चौघे ठाण्याचे, सात गिग झाले, आता बँड मोडलाय आणि ३२ हजार शिल्लक आहेत. शिवाय विचारलंय की इतक्या लवकर संपलेल्या पंक बँडमधून पुढे कोणी नाव काढलंय का. दोन्ही प्रश्नांचं उत्तर मला एकाच बँडच्या गोष्टीतून देता येतं. पण आधी पैशांचं सांगतो. अजून वाटले नसतील तर वाटू नका.

अशा बँडचा विषय निघाला की बहुतेक जण लंडन एसएसचं नाव घेतात. ते खरंही आहे. १९७५-७६ मधला हा बँड एकही जाहीर कार्यक्रम न करता संपला आणि त्यातला मिक जोन्स पुढे द क्लॅशमध्ये, ब्रायन जेम्स द डॅम्डमध्ये, टोनी जेम्स जनरेशन एक्समध्ये गेला. पण तुमच्या हातात पैसे आहेत, म्हणून मी वॉशिंग्टनच्या टीन आयडल्सबद्दल सांगेन.

१९७९ सालची शाळकरी पोरं. इयन मकाय बेसवर, जेफ नेल्सन ड्रम्सवर, जॉर्डी ग्रिंडल गिटारवर, नेथन स्ट्रेचेक गायला. याआधी इयन, जेफ आणि जॉर्डीचा द स्लिंकीज नावाचा बँड होता, तो एका गिगमध्येच आटोपला, कारण गायक कॉलेजसाठी बाहेरगावी गेला. टीन आयडल्स वर्षभराच्या आसपास टिकला. १९८० च्या उन्हाळ्यात हे सगळे बसने पार कॅलिफोर्नियाला गेले. सामान उचलायला सोबत मित्र होता, हेन्री गारफिल्ड. सॅन फ्रान्सिस्कोच्या माबुहाय गार्डन्स क्लबात यांचं वय कमी निघालं. हाकलून देण्याऐवजी क्लबवाल्यांनी त्यांच्या हातांवर काळ्या मार्करने मोठ्या फुल्या मारल्या, म्हणजे बारवाल्याने यांना दारू द्यायची नाही. पोरांनी ही युक्ती घरी आणली आणि वॉशिंग्टनच्या क्लबला सांगितलं, आमच्या हातावर फुली मारा, दारू देऊ नका, पण गाणं ऐकायला आत येऊ द्या. पुढे ती फुली जगभरच्या पंक पोरांची खूण झाली.

नोव्हेंबर १९८० मध्ये बँड मोडला. गिटारिस्ट आणि ड्रमरचं पटेनासं झालं होतं. तुमच्यातही असंच काहीतरी झालं असणार, तुम्ही लिहिलं नाहीत तरी. आता यांच्याकडे दोनच गोष्टी होत्या: टेप करून ठेवलेली गाणी आणि सगळ्या गिगचे साठवलेले सहाशेच्या आसपास डॉलर. कोणी एक पैसाही घरी नेला नव्हता. चौघांच्या वाट्याला दीड-दीडशे डॉलर आले असते आणि विषय संपला असता. त्यांनी ठरवलं, या पैशांतून रेकॉर्ड काढायची. जो बँड आता उरलेलाच नाही, त्याची.

रेकॉर्डिंग झालं होतं डॉन झिएंटारांकडे, ज्यांनी आर्लिंग्टनमधल्या आपल्या घरातच स्टुडिओ मांडला होता. प्रेसिंग, म्हणजे तबकड्या छापून घेणं, कुठे करायचं ही वाट दाखवली एका रेकॉर्डच्या दुकानदाराने, स्किप ग्रॉफने. सात इंची तबकडीवर आठ गाणी, सगळी मिळून जेमतेम दहा मिनिटं. पहिल्या हजार प्रती. छापील तयार कव्हरं परवडत नव्हती, म्हणून एका इंग्लिश सिंगलचं कव्हर उकलून सपाट केलं, त्याच्या कडा कागदावर आखून घेतल्या, त्या मापाने कव्हरं छापून आणली आणि मित्रमंडळींनी बसून ती कात्रीने कापली, दुमडली, गोंदाने चिकटवली. कव्हरवर दोन हात एकमेकांवर, त्यांवर त्या फुल्या.

इथे मी नेहमी थांबतो. आमच्या वडिलांचा वागळे इस्टेटमध्ये बाइंडिंगचा गाळा होता. लग्नपत्रिका, डायऱ्या, दिवाळीत मिठाईची खोकी. हजार नग हाताने दुमडणं म्हणजे काय ते मी पाहिलंय. शंभरानंतर बोटांच्या टोकांना कागद चावायला लागतो, तीनशेनंतर कोणी बोलत नाही, आणि पहिली घडी तिरकी बसली की चिकटवताना ती तिरकीच राहते. पैसे मिळणार नसताना, बँडही नसताना, हे काम करायला पोरं बसली, म्हणजे त्यांना ती गाणी किती प्रिय असतील याचा विचार करा.

त्या रेकॉर्डसाठी त्यांनी स्वतःचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, काढलं आणि नाव दिलं डिस्कॉर्ड. तिच्या विक्रीचे पैसे आले तसे पुढच्या रेकॉर्डना लागत गेले. डिस्कॉर्डची दुसरीच रेकॉर्ड होती सामान उचलणाऱ्या हेन्रीच्या बँडची, स्टेट ऑफ अलर्टची. तो बँडही वर्षभर टिकला नाही. १९८१ मध्ये हेन्री आइस्क्रीमच्या दुकानातली नोकरी सोडून ब्लॅक फ्लॅग या बँडचा गायक झाला. पुढे हेन्री रॉलिन्स म्हणून नाव झालं तो हाच. इयन आणि जेफने मायनर थ्रेट काढला, तो १९८३ मध्ये थांबला, तरी ‘स्ट्रेट एज’, म्हणजे दारू-नशेपासून लांब राहणं, हा शब्द त्यांच्याच मिनिटभराच्याही आतल्या एका गाण्यातून आला. मग १९८७ पासून इयनचा फुगाझी हा बँड. तिकीट शक्यतो पाच डॉलर असायचं आणि कोणत्याही वयाच्या माणसाला प्रवेश. कमी वयामुळे हातावर फुली मारून घेतलेला पोरगा पुढे कार्यक्रम ठरवायला लागला तेव्हा त्याने वयाची अटच काढली, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आणि डिस्कॉर्ड आजही आहे. बँडशी लेखी करार नाहीत, खर्च वजा जाता राहील ते वाटून घ्यायचं. त्या साठवलेल्या डॉलरचाच हिशोब अजून चालू आहे म्हणा ना.

आता आमचं. २०१० साली आम्हीही चौघे होतो, मी बेसवर. त्याच गाळ्यात रात्री कटिंग मशीन बंद झालं की प्रॅक्टिस. कागदाच्या गड्ड्या भिंतीला लावल्या की आवाज बाहेर कमी जायचा. अकरा महिने टिकलो. मराठीत चारच गाणी, त्यातलं एक टीएमटीच्या (ठाणे परिवहनच्या) शेवटच्या बसवर होतं आणि ते खरोखर चांगलं होतं. मोडलो तेव्हा श्रीखंडाच्या डब्यात १४,२०० रुपये होते. तलावपाळीच्या कट्ट्यावर बसून वाटले, माणशी ३,५५०. दहा मिनिटांत झालं. माझ्या पैशांचं काय झालं ते मला आठवतही नाही.

आमच्यातल्याही दोघांचं छान झालं. ड्रमर आज सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवतो. गायक नाटकांची प्रकाशयोजना करतो. घाणेकर नाट्यगृहात एका प्रयोगाआधी, तिसऱ्या घंटेनंतरच्या घोषणेत त्याचं नाव ऐकलं आणि माझे डोळे भरून आले. पण त्या गाण्याचं आज काय उरलंय, तर ड्रमरच्या जुन्या फोनमधलं चाळीस सेकंदांचं, घरघरणारं रेकॉर्डिंग. कागद होता, गोंद होता, डाय (कागद कापायचे साचे) होत्या, पैसेही होते. चौघांपैकी एकालाही सुचलं नाही की आधी गाणी टेप करून घेऊ. मला सुचायला हवं होतं, गाळा आमचा होता.

म्हणून तुम्हाला सांगतो. एक दिवस स्टुडिओ घ्या. बोलत नसाल तरी एका खोलीत उभे राहून वाजवता येतं, पंकला तेवढं पुरतं. गाणी एकत्रच टेप करा, प्रत्येक वाद्य वेगळं घेण्याच्या नादी लागू नका, त्यात दिवसही जाईल आणि नव्याने भांडण होईल. फाइल्स चौघांकडेही ठेवा. शब्द कोणाचे, चाल कोणाची, हे त्याच दिवशी कागदावर लिहून चौघांनी सह्या करा, कारण दहा वर्षांनी प्रत्येकाला वेगळं आठवतं. सीडी आज कोणी लावत नाही, पण दुमडलेल्या कागदी कव्हरवर गाण्यांचे शब्द आणि क्यूआर कोड छापता येतो. दोनशे प्रती पुष्कळ झाल्या. यातून काही उरलं तर तेही वाटू नका, तुमच्या ओळखीतल्या पुढच्या बँडच्या रेकॉर्डिंगला द्या.

वडील गेले, गाळा आता भाड्याने दिलाय, पण तिथल्या कारागिरांशी माझं अजून बोलणं आहे. एक मोठी डाय माझ्या घरी माळ्यावर आहे, चौकोनी कव्हरला चालेल अशी. कव्हरं दुमडायला बसाल तेव्हा कळवा, मी येतो. दोनशे नगांना चौघे-पाच जण असले तर एक रविवार पुरतो.