डायबिटीससाठी कडक डाएट सुरू केल्यापासून बाबा खूप चिडचिडे झालेत. हा डाएटचाच परिणाम असेल का?

असू शकतो, पण आधी रक्तातली साखर फार खाली जात नाही ना ते बघा. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर कमी करणारी गोळी चालू असताना जेवण कमी केलं की असं होतं. चिडचिडीच्या वेळीच ग्लुकोमीटरवर तपासा. ७० च्या खाली असेल तर लगेच साखरपाणी द्या आणि डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या.

साखर ठीक असेल तर नियमांचा जाच बघा. 'भात बंद, आंबा बंद' म्हटलं की एका घासानेही अपराधी वाटतं, मग चोरून जास्त खाल्लं जातं. ब्रिटनमध्ये टाइप २ डायबिटीस असलेल्यांवर झालेल्या 'डायरेक्ट' या आहार-चाचणीत (२०१७) सुरुवातीचे काही महिने रोज जेमतेम ८५० कॅलरी होत्या, तरी वर्षाअखेर लोकांना बरं वाटत होतं. तिथे परिचारिका किंवा आहारतज्ज्ञ नियमित सोबत होते. बाबांच्या ताटावर कृपया पहारा ठेवू नका. वाटीभर भात ठरवून, सगळ्यांसोबत खाऊ दे.