भंडारदरा : आधी ऋतू पाहावा, मग वाट निवडावी

भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवतीच्या भटकंतीविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांना या अंकात उत्तरे देत आहोत.

प्रश्न : डिसेंबरमध्ये आम्ही कुटुंबातले आठजण तीन दिवसांसाठी भंडारदऱ्याला जाणार आहोत. सासरे सत्तरीचे आहेत आणि मुले नऊ व तेरा वर्षांची आहेत. कळसूबाई आणि रतनगड दोन्ही चढायचे, असा मुलांचा हट्ट आहे. ते जमेल का? घरातल्या ज्येष्ठांनी त्या वेळात काय पाहावे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : डिसेंबर हा या भागात चालण्यासाठी उत्तम महिना आहे. पावसाळ्यातला निसरडेपणा ओसरलेला असतो, ओढ्यांना थोडे पाणी असते आणि हवा स्वच्छ असल्याने दूरवरचे डोंगर ओळखता येतात. तरीही तीन दिवसांत दोन्ही शिखरे चढण्याचा आग्रह धरू नये, असे आम्ही स्पष्टपणे सुचवतो. नऊ वर्षांच्या मुलाचे पाय पहिल्या चढाईनंतर दुखणारच आणि दुसऱ्या चढाईत त्याला काही पाहण्याची इच्छा उरणार नाही. दोहोंपैकी एकच निवडायचे असेल तर रतनगड निवडावा.

कळसूबाई हे १६४६ मीटर उंचीचे, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर आहे आणि मुलांना त्याचेच आकर्षण असणार, हे आम्ही समजू शकतो. बारी गावातून भातखाचरांच्या बांधांवरून सुरू होणारी वाट ठसठशीत आहे. अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आणि कठडे बसवलेले आहेत, शेवटच्या शिडीच्या अलीकडे विहीर आहे आणि माथ्यावर कळसूबाई देवीचे अगदी लहानसे मंदिर आहे. मात्र बहुतेक चढ उघड्यावरचा असल्याने ऊन थेट अंगावर येते, शनिवार-रविवारी शिड्यांवर अक्षरशः रांगा लागतात आणि त्या गर्दीत लहान मुलाला पुढे-मागे सांभाळणे कठीण होते. कळसूबाईच करायची असेल, तर मधला वार निवडून पहाटे उजाडण्यापूर्वी बारीतून निघावे. वर्षअखेरीचे दिवस मात्र कटाक्षाने टाळावेत.

रतनगडाची वाट रतनवाडीहून निघते. सुरुवातीला प्रवरेच्या पात्राच्या कडेने आणि पुढे दाट झाडीतून ती चढत जाते. प्रवरेचा उगमही याच डोंगरात आहे, म्हणजे ज्या नदीवर खाली भंडारदऱ्याचे विल्सन धरण बांधलेले आहे, तिच्याच काठाने आपण वर जात असतो. झाडी संपल्यावर कातळाला लावलेल्या शिड्या येतात आणि त्या चढून गेल्यावर गणेश दरवाजा लागतो. वर रत्नादेवीची गुहा आणि कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. माथ्यावरचे नेढे म्हणजे कातळाला आरपार पडलेले मोठे नैसर्गिक भोक आहे. त्यात बसले की वारा इतक्या जोराने येतो की टोप्या हातात धरून ठेवाव्या लागतात. तेथून एका बाजूला जलाशय आणि त्यामागे कळसूबाईची रांग, तर दुसऱ्या बाजूला कोकणात उतरलेले कडे दिसतात. अलंग, मदन आणि कुलंग हे तिन्ही गड मुलांना येथून ओळखायला लावावेत. चढायला साधारण तीन तास धरावेत. शिड्यांवर एका वेळी एकानेच चढावे आणि प्रत्येक मुलाच्या खालच्या बाजूला एक मोठे माणूस असावे. रतनवाडीतला वाटाड्या अवश्य सोबत घ्यावा. झाडीत गुरांच्या वाटा अनेक फुटलेल्या आहेत आणि नवख्या माणसाची चूक बहुधा तेथेच होते.

सासऱ्यांसाठी रतनवाडीतले अमृतेश्वराचे मंदिरच अर्धा दिवस पुरेल. भूमिज शैलीचे (लहान-लहान शिखरांच्या उभ्या ओळींनी रचलेले) शिखर, बाहेरच्या भिंतींवरचे बारीक कोरीवकाम आणि शेजारची, कोनाड्यांत मूर्ती असलेली पुष्करणी हे सारे सपाटीवर असल्यामुळे पायांना त्रास होत नाही. पावसाळ्यात या मंदिराच्या गाभाऱ्यात पाणी भरते आणि शिवलिंग त्यात बुडून जाते. डिसेंबरमध्ये गाभारा नीट पाहता येतो. म्हणजे तरुण मंडळी गडावर आणि ज्येष्ठ मंडळी मंदिरात, अशी विभागणी करूनही सर्वांना एकाच गाडीने येता-जाता येते. कळसूबाईच्या पायथ्याशी अशी सोय नाही, हेही आमच्या निवडीमागचे एक कारण आहे.

उरलेल्या दिवसांपैकी एक जलाशयाच्या फेरीसाठी ठेवावा. शेंडी (धरणाजवळचे गाव), मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत आणि पुन्हा शेंडी असा हा मार्ग आहे. घाटघरच्या कोकणकड्यावर संध्याकाळी जावे, परंतु मुलांना कठड्याच्या आत ठेवावे. हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, म्हणून वनविभागाच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरून पावती जवळ ठेवावी. रात्री कडाक्याची थंडी असते. तंबूत राहणार असाल, तर जाड पांघरुणे आहेत का, हे नोंदणी करतानाच विचारावे.

प्रश्न : आम्ही महाविद्यालयातले मित्र जुलैमध्ये सांदण दरी उतरण्याचे ठरवत आहोत. पावसात ती अधिक सुंदर दिसते असे ऐकले आहे. काय तयारी करावी?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : जुलैमध्ये सांदण दरीत उतरू नये. येथे तयारीचा प्रश्नच येत नाही. साम्रदच्या पठारावर पडणारे पाणी ज्या चिंचोळ्या भेगेतून कोकणाकडे धावते, ती भेग म्हणजेच सांदण दरी. दोन्ही बाजूंना उभे कातळ आहेत. काही ठिकाणी दरी इतकी अरुंद होते की दोन्ही हात पसरले तर भिंतींना टेकतील, आणि बाजूने वर चढून जाण्यास जागाच नाही. तुम्ही आत असताना दरीत पाऊस नसेलही, परंतु वरच्या पठारावर जोराची सर आली तर ते पाणी काही मिनिटांत तुमच्यापर्यंत पोहोचते. दगडही पावसातच अधिक सुटतात. पोहता येणे, दोर जवळ असणे किंवा अनुभवी मित्र सोबत असणे यांपैकी कशाचाही अशा वेळी उपयोग होत नाही.

डिसेंबरनंतर जावे. तेव्हाही सुरुवातीचे पाण्याचे डोह ओलांडावे लागतात. त्यांतल्या एकात हिवाळ्याच्या सुरुवातीस कमरेच्या वर पाणी असते आणि उन्हाळ्याकडे ते ओसरत जाते. साम्रदमधून जाऊन पहिल्या मोठ्या कातळटप्प्यापर्यंत उतरणे आणि त्याच वाटेने परत येणे हे धडधाकट माणसाला जमते. त्यापुढे दोराने उतरावे लागते आणि ते प्रशिक्षित गटाबरोबर, योग्य साधनांनिशीच करावे. दरीत आग्या मोहोळे असतात. धूर करू नये, उग्र वासाची अत्तरे लावू नयेत आणि आरडाओरडा करू नये.

जुलैत भंडारदऱ्याला यायचेच असेल, तर जलाशयाच्या रस्त्याने फिरावे आणि रस्त्यालगतचे धबधबे अंतरावरून पाहावेत. घाटघर हे राज्यातल्या अतिशय पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे. तेथे धुक्यात दहा पावलांपुढचे दिसत नाही, हे वाहन चालवणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

प्रश्न : एप्रिलमध्ये रंधा धबधबा आणि अंब्रेला फॉल पाहायला मिळतील का?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : खात्रीने मिळतील असे सांगता येणार नाही. दोन्ही ठिकाणचे पाणी धरणातून होणाऱ्या विसर्गावर अवलंबून असते. अंब्रेला फॉल तर धरणाच्या भिंतीतून पाणी सोडले तरच, गोलसर खडकावरून छत्रीसारखा पसरतो. उन्हाळ्यात शेतीसाठी आवर्तन (पाळीने सोडले जाणारे पाणी) सुरू असेल त्या दिवसांत आपले नशीब उघडू शकते. निघण्यापूर्वी मुक्कामाच्या ठिकाणी दूरध्वनी करून विचारावे. रंध्याला भरलेला पाहायचा असेल, तर ऑगस्ट-सप्टेंबर योग्य.

प्रश्न : काजवे पाहण्यासाठी कधी जावे? गर्दीमुळे काजवे कमी झाले, ही तक्रार खरी आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मेच्या अखेरीपासून जूनमध्ये पावसाचा जोर वाढेपर्यंतचे दिवस काजव्यांचे असतात. वळवाच्या एक-दोन सरी झाल्यावर हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ आणि उंबर यांच्या फांद्यांवर ते हजारोंनी जमतात आणि एखादे संपूर्ण झाड एकाच लयीत उजळते व विझते. अमावास्येच्या आसपासची रात्र निवडावी. चांदण्यात हा प्रकाश फिका पडतो.

कमी झाले का, याची आकडेवारी देण्याऐवजी कारण समजावून सांगणे आम्हाला महत्त्वाचे वाटते. काजव्यांचा प्रकाश हा नर आणि मादी यांच्यातला संकेत आहे. नर उडता-उडता चमकतो आणि झुडपावर किंवा गवतात बसलेली मादी त्याला प्रकाशानेच उत्तर देते. प्रौढ काजव्याला मिळणारे दिवस थोडे असतात. त्या दिवसांत गाड्यांचे प्रखर दिवे, भ्रमणध्वनींचे विजेरीझोत आणि छायाचित्रांसाठीचे फ्लॅश त्या झाडावर सतत पडत राहिले, तर हा संकेत एकमेकांपर्यंत पोहोचत नाही आणि मीलन हुकते. रस्ता सोडून झाडाखाली गेलेल्यांच्या पायांखाली गवतातल्या माद्या चिरडल्या जातात, हे नुकसान तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून गाडी दूर लावून तिचे दिवे बंद करावेत, विजेरीवर लाल कागद बांधून ती जमिनीकडेच धरावी, रस्त्यावरूनच पाहावे आणि वनविभागाने ठरवून दिलेली परतीची वेळ पाळावी. शक्य असेल तर शनिवार सोडून जावे. मुरशेत, पांजरे, उडदावणे या गावांत घरगुती मुक्काम केला, तर रात्री गाडी काढण्याची गरजच पडत नाही आणि चार पैसेही तेथल्याच कुटुंबाला मिळतात.

प्रश्न : स्वतःचे वाहन नसल्यास मुंबईहून कसे जावे?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : रेल्वेने इगतपुरीला उतरून घोटीला यावे. तेथून बारीमार्गे शेंडीकडे जाणारी एसटी किंवा जीप मिळते. केवळ कळसूबाईसाठी जाणाऱ्यांनी बारीलाच उतरावे. दुपारनंतर वाहने विरळ होतात, म्हणून घोटीला सकाळीच पोहोचावे आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ चालकाला उतरतानाच विचारून घ्यावी. शेंडीहून रतनवाडी किंवा साम्रदला जाण्यासाठी जीप ठरवावी लागते. दोन-तीन कुटुंबांनी मिळून ती ठरवल्यास खर्च आटोक्यात राहतो.