शेअर्ड फोल्डरमधली पीएसटी: हात पोळलेल्याचं उत्तर

तुमचा प्रश्न वाचला आणि आमच्या हॉलमधला जुना डेस्कटॉपच डोळ्यांपुढे आला. आउटलुकची दहा वर्षांची मेल तुमच्या डेस्कटॉपवर, वाचायची आहे आतल्या खोलीत लॅपटॉपवर, घरच्या नेटवर्कवर फोल्डर शेअर झालाय, पीएसटी (आउटलुक सगळी मेल जिच्यात साठवतं ती फाईल) दिसतेय, 'मग सरळ उघडू का?' असं विचारताय. नका उघडू.

मी उघडली होती. महिनाभर रडतखडत का होईना, चाललं. मग एका संध्याकाळी लाइट गेली. राउटर इन्व्हर्टरवर, लॅपटॉप बॅटरीवर आणि डेस्कटॉप थेट भिंतीतल्या प्लगवर. माणूस लिहितोय आणि खालची वही कुणीतरी ओढून घेतली, अशी गत. लाइट आल्यावर फाईल उघडेना. स्कॅनपीएसटी (बिघडलेली पीएसटी दुरुस्त करणारं आउटलुकचंच टूल) रात्रभर चालवलं, सकाळी 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या फोल्डरात हजारो मेलचा ढीग. गृहकर्जाचा बँकेशी झालेला पत्रव्यवहार सापडला, पण अटॅचमेंट गायब. नेटवर्कवरून पीएसटी वापरू नका, हे मायक्रोसॉफ्टने स्वतः लिहून ठेवलंय. मी ते नंतर वाचलं.

वाटलं, सर्व्हरवर प्रती असतीलच. कसल्या! खातं पॉपवर (म्हणजे मेल सर्व्हरवरून कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची पद्धत) आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा'ची टिक काढलेली, बहुधा मीच. मेल देणाऱ्या कंपनीला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा एकच उत्तर: 'सर, राउटर बंद करून चालू करा.' अहो, मेल राउटरमध्ये नसते! चौथ्या दिवशी तक्रार निकाली निघाल्याचा एसएमएस आला. असो.

माझं मत, पटलं तर घ्या: फाईल वाटून घेऊ नका, खातं वाटून घ्या. तेच खातं आयमॅपने (यात मेल सर्व्हरवरच राहते आणि सगळ्या मशीनवर तीच दिसते) दोन्हीकडे जोडा (पोर्ट ९९३), मग डेस्कटॉपवरच्या जुन्या फोल्डरांतली मेल आयमॅपच्या फोल्डरांत कॉपी करा. मूव्ह नाही, कॉपी. एकेक वर्ष घ्या, सगळं एकदम ओतलंत की अडकतं. जीमेल असेल तर फुकटातले १५ जीबी ड्राइव्ह आणि फोटोंसकट असतात, आधी जागा बघा. मेल बाहेर ठेवायचीच नसेल तर घरातल्या एखाद्या जुन्या पीसीवर लिनक्स टाकून डव्हकॉट (घरचा स्वतःचा आयमॅप सर्व्हर) चालवता येतं. मी आता तेच करतो, पण हौस असेल तरच. थंडरबर्डवाल्यांनी (तेही आउटलुकसारखंच मेलचं सॉफ्टवेअर) हसू नये, दोन मशीनवरून एकच प्रोफाइल (त्याचा मेल आणि सेटिंग्जचा फोल्डर) उघडलं की तिथेही हेच रडगाणं.

जुनी मेल क्वचितच बघायची असेल तर रिमोट डेस्कटॉप (लॅपटॉपवरून डेस्कटॉपचीच स्क्रीन चालवायची सोय) बरा. मात्र डेस्कटॉपवर विंडोज प्रो हवं, होमवर बाहेरून शिरता येत नाही.

मी काही आयटीवाला नाही, तुमच्या व्हर्जनमध्ये मेनू वेगळे असतील. पण काहीही करण्याआधी आउटलुक बंद करून पीएसटीची एक प्रत काढा. पेनड्राइव्ह फॅट३२ (जुन्या पद्धतीचं फॉरमॅट) असेल तर ४ जीबीच्या वरची फाईल त्यावर जात नाही आणि 'फाईल फार मोठी आहे'सारखा काहीतरी मेसेज येतो. पेनड्राइव्ह खराब समजून मी नवा आणला होता. एक्सफॅटमध्ये (मोठ्या फाईली घेणारं फॉरमॅट) फॉरमॅट करा, फक्त त्यावरचं सगळं पुसलं जाईल, ते आधी काढून घ्या.