कन्या-बुरूज शेवटच्या दिवशी ठेवू नका

आपला प्रश्न वाचला आणि आमचीच जुनी कार्यक्रमपत्रिका कोणीतरी पुन्हा छापली आहे की काय, असे वाटले. आपण नेरुळहून सासू-सासऱ्यांना घेऊन डिसेंबरअखेर इस्तंबूलला जात आहात, समुद्रातील तो दंतकथांचा बुरूज आतून पाहण्याची सासूबाईंना हौस आहे, प्रवासकंपनीने तो शेवटच्या दिवशी दुपारी ठेवला आहे आणि त्याच रात्री परतीचे विमान आहे. हे ठीक होईल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते होणार नाही. व्हिसा, चलन, थंडीचे कपडे याविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे, त्यामुळे मी फक्त या एका गोष्टीवर लिहितो. मी प्रवासव्यवसायातील माणूस नाही. जे भोगले आणि पुढे पाहिले, तेवढेच सांगत आहे.

हा कन्या-बुरूज, म्हणजे तुर्की लोकांचा कझ कुलेसी, बोस्फरस सामुद्रधुनीच्या दक्षिण तोंडाशी, शहराच्या आशियाई बाजूच्या उस्कुदार भागातील सालाजाक किनाऱ्यापासून साधारण २०० मीटरवर एका खडकावर उभा आहे. काठावरून तो इतका जवळ दिसतो की तेथे जाणे कधी अडू शकेल, हे कोणाच्या मनातही येत नाही. मात्र मार्मारा समुद्राच्या बाजूने त्याला कसलाही आडोसा नाही. हिवाळ्यात तेथे अधूनमधून लोदोस नावाचा नैर्ऋत्येचा जोरदार वारा सुटतो. एरवी बोस्फरसचे वरचे पाणी काळ्या समुद्राकडून मार्माराकडे वाहत असते. लोदोस जोरात असला की तेच पाणी उलटे रेटले जाते, लाटा चढतात आणि शहरातील मोठ्या फेरीबोटीसुद्धा बंद ठेवाव्या लागतात, तेथे बुरुजाच्या लहान होडीची काय कथा. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच बंद असतात, तेव्हा आपण त्या हिशेबानेच बेत आखतो. लोदोस मात्र एक-दोन दिवस आधीच्या अंदाजातच काय तो कळतो आणि तोपर्यंत कंपनीची पत्रिका छापून झालेली असते.

आमच्या बाबतीत नेमके हेच झाले. ठाण्यातील ज्या कचेरीतून आम्ही सहल घेतली, तेथील व्यवस्थापकांना मी निघण्यापूर्वी विचारले होते की बुरूज पहिल्या दोन दिवसांत घेता येईल का. त्यांनी मान वर न करता सांगितले, “साहेब, तिथलं पाणी आपल्या तलावपाळीसारखं असतं, काही काळजी करू नका.” शेवटच्या दुपारी आम्ही सालाजाकच्या काठावर पोहोचलो, तेव्हा पायऱ्यांवर चहा देणारा माणूस बसायच्या गाद्या घाईघाईने गोळा करत होता, कारण लाटेचे पाणी तिसऱ्या-चौथ्या पायरीपर्यंत उसळत होते. तिकीटखिडकी बंद होती. होडी दुहेरी दोरांनी बांधलेली होती आणि तरीही काठावर आपटत होती. समोर, सहज नजरेच्या टप्प्यात, तो बुरूज कोरडा ठणठणीत उभा होता आणि माझी आई शाल डोक्यावरून घट्ट धरून मला विचारत होती की इतक्या जवळ आहे, तर कोणी नेत का नाही.

मला वाऱ्याबद्दल तक्रार नाही. संताप पुढच्या गोष्टीचा आहे. “पर्यायी कार्यक्रम” म्हणून आम्हाला एका चामड्याच्या कपड्यांच्या दुकानात नेऊन दोन तास बसवले गेले आणि परतल्यावर बुरुजाचे पैसे मागितले, तेव्हा त्या कचेरीने हवामान हे नैसर्गिक संकट असल्याचे कलम दाखवले. दिवस बदलून द्या, अशी आमची आधीच मागणी होती, हे ते मान्यच करेनात, कारण ती मागणी तोंडी होती. त्यानंतर कित्येक महिने पत्रे लिहिली; दर वेळी कोणीतरी नवीन व्यक्ती जुनी पावती मागत असे. तेव्हा कृपा करून दिवस बदलण्याची विनंती आजच ईमेलने करा आणि उत्तरही लेखीच घ्या. बुरूज बोस्फरसच्या नौकासफरीतून केवळ लांबून दाखवणार आहेत की होडी तेथे उतरवणार आहे, हेही त्याच पत्रात विचारा. बहुतेक सफरी बुरुजाजवळून नुसत्या जातात, आणि अनेक पत्रिकांत ही दोन्ही कामे एकाच ओळीत उरकलेली असतात.

आता सासूबाईंच्या हौसेविषयी. पुढे मुलाच्या कामानिमित्त पुन्हा जाणे झाले, तेव्हा आम्ही बुरूज आतून पाहिला, आणि माझे प्रामाणिक मत असे की आत पाहण्यासारखे फार नाही. खरी मौज वरच्या सज्जातून दिसणाऱ्या तोपकापी महालाची, आयासोफियाची आणि कथांची आहे. सर्वांत प्रसिद्ध कथा अशी की एका सम्राटाच्या मुलीचा अठराव्या वर्षाआधी सर्पदंशाने मृत्यू होईल, असे भाकीत झाले. त्याने तिला समुद्रातील या बुरुजात ठेवले आणि शेवटी वाढदिवसाला फळांच्या करंडीतून साप आत गेलाच. हे ऐकताच आई म्हणाली, “ही तर परीक्षिताची गोष्ट!” एकाच खांबावरचा महाल, चहूकडे पहारा आणि फळातील अळी होऊन आलेला तक्षक. निघण्याआधी सासूबाईंना एवढे सांगून ठेवा, कारण वाटाडे ही कथा दोन वाक्यांत संपवतात.

काही पाश्चात्त्य पुस्तकांत याला लिअँडरचा बुरूज म्हटलेले दिसेल. ते चुकीच्या जागी चिकटलेले नाव आहे. हीरो आणि लिअँडर या ग्रीक दंतकथेतील प्रेमिकांची कथा मार्माराच्या दुसऱ्या टोकाला, दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीवर घडते. बत्ताल गाझी या दंतकथांतील मुस्लिम योद्ध्याची कथा मात्र इथलीच: त्याने बुरुजात लपवलेला खजिना आणि सरदाराची मुलगी पळवली आणि घोड्यावरून उस्कुदार ओलांडून गेला, म्हणून “घोडा नेणारा उस्कुदारपार गेला” ही म्हण तुर्कीत आजही संधी हुकलेल्या माणसाला ऐकवतात. आमच्या व्यवस्थापकांसमोर ती म्हणायची फार इच्छा होती.

इतिहास थोडक्यात: १११० च्या सुमारास बायझंटाईन सम्राट अलेक्सिओस कोम्नेनोस याने येथे लाकडी बुरूज बांधवला, पुढे आगी, भूकंप, पुनर्बांधणी, १९व्या शतकात साथीच्या काळातील विलगीकरण, दीपगृह अशी त्याची अनेक रूपे झाली. या शतकाच्या आरंभी तेथे उपाहारगृह होते, त्यामुळे “बुरुजात रात्रीचे जेवण” सुचवणारे जुने लेख आपल्याला सापडतील. त्यांवर विसंबू नका. २०२१ ते २०२३ दरम्यान मोठी दुरुस्ती होऊन मे २०२३ मध्ये तो संग्रहालय म्हणून उघडला आहे. प्रवेशशुल्क वारंवार बदलते, म्हणून आकडा लिहीत नाही. त्यात होडीचे भाडे धरले आहे का, एवढे मात्र विचारून घ्या.

आतील जिना अरुंद आहे. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील, तर त्यांना वर चढण्याचा आग्रह करू नका. आपण आणि सासरे वर जाऊन या, त्या खाली होडीच्या धक्क्यापाशी बसू शकतील. नंतर सालाजाकच्या पायऱ्यांवर चहा घ्या. तुर्कस्तानचे घड्याळ हिवाळ्यातही मागे जात नसल्यामुळे डिसेंबरअखेर सूर्यास्त साडेपाच ते पावणेसहाच्या दरम्यान होतो.

कंपनी दिवस बदलायला तयार नसेल, तर बुरूज पत्रिकेतून काढून तेवढी रक्कम कमी करून घ्या आणि पहिल्या मोकळ्या सकाळी, आदल्या रात्री तुर्कस्तानच्या हवामान खात्याचा अंदाज पाहून, स्वतःच जा. वारा नसेल तर जुन्या शहरातील एमिन्योन्यू धक्क्यावरून उस्कुदारची फेरीबोट वडीलधाऱ्यांना सर्वांत सोयीची आहे. समुद्राखालून जाणारी मार्माराय गाडी त्याच बाजूच्या सिर्केजी स्थानकाहून थेट पुढच्याच स्थानकावर, म्हणजे उस्कुदारला उतरवते, पण सिर्केजीचे स्थानक फार खोल आहे आणि तेथील सरकते जिने बरेच लांब आहेत. उस्कुदारहून सालाजाकपर्यंत किनाऱ्याने चालता येते. गुडघ्यांचा विचार करून मी टॅक्सी करीन.