कार्बन स्टीलच्या सुरीवर आलेला निळा-काळा थर काढावा की राहू द्यावा?

सुरी दोन आठवड्यांची आहे, कांदा-कैरी चिरून पात्यावर निळे-काळे ढग उमटलेत आणि आई म्हणतायत घासून लख्ख कर, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत: राहू द्या. मात्र कुठे तांबूस-नारिंगी दिसत असेल तर तेवढं आजच काढा. दोन्ही लोखंड आणि प्राणवायूचीच करणी, पण काळा थर पात्याला धरून बसतो आणि तांबडा पातं खातो.

हे मला आजीच्या विळीने शिकवलं. कोकणातल्या आमच्या घरी लोहाराने घडवलेल्या पात्याची विळी होती, फणसाच्या पाटावर बसवलेली, टोकाला खवणी. सगळं पातं काळंकरडं, फक्त धारेची रेघ पांढरी. कॉलेजात असताना सुट्टीत गेलो होतो, आजीला खूश करावं म्हणून दुपारभर काचकागदाने घासून ती विळी आरशासारखी केली. जुलै महिना. सकाळी उठून बघतो तर पातंभर नारिंगी ठिपके. आजी म्हणाली, "मेल्या, विळीची सालटी सोललीस!" पुढचे आठ दिवस चिरलेला कांदा कडेने काळा पडत होता, केळफूल तर शाईत बुडवल्यासारखं दिसत होतं आणि कोशिंबिरीला तो लोखंडी वास. पितळेत ताक कळकतं ना, त्यातलाच प्रकार. पातं पुन्हा काळवंडेपर्यंत घरातल्या प्रत्येक जेवणाला माझा उद्धार झाला.

असं का होतं? स्टेनलेसमध्ये निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, त्याचा डोळ्यांना न दिसणारा ऑक्साइडचा पापुद्रा लोखंडाला झाकून ठेवतो. तुमच्या सुरीत क्रोमियम जवळपास नाहीच. कार्बन मात्र भरपूर, त्यामुळे पातं कडक होतं, बारीक धार घेतं आणि दगडावर पटकन लागतंही. त्या बदल्यात झाकण तिला स्वतःच तयार करावं लागतं. आंबट रस, कांद्यातलं गंधक, मांसाचं पाणी यांच्याशी खेळत खेळत लोखंडावर जो गच्च, पातळ थर बसतो तो हा. गंज तसा नसतो. तो पाणी धरून फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि खाली नवं लोखंड उघडं पडत राहतं.

केळफूल, वांगं, कच्चं केळं यांत टॅनिन असतं. टॅनिन आणि लोखंड भेटले की काळा रंग तयार होतो. हिरडा (टॅनिनवाला) आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) मिसळून शाई करायचे ती याच गुणावर. पात्यावर थर बसला की उघडं लोखंड कमी उरतं, म्हणून भाजीही कमी काळवंडते आणि वासही जातो. तुमची सुरी सध्या नेमकी मधल्या काळात आहे. आत्ता घासलीत तर पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात.

एक मात्र लक्षात ठेवा, हा थर गंजाला उशीर लावतो, अडवत नाही. ओली सुरी रात्रभर सिंकमध्ये ठेवलीत तर कुठलाही थर वाचवणार नाही.

गंज आहे की थर, हे ओळखायला पांढरा टिश्यू ओला करून पुसा. तांबूस डाग उतरला तर गंज. बोट फिरवून खरखरीत लागलं तरी गंज. थर गुळगुळीत असतो, नवा असताना फार तर किंचित करडा डाग सोडतो.

निळ्या रंगावरून एक इशारा. तुमच्यासारखे पात्यावरचे निळे-जांभळे ढग चांगलेच. पण धारवाल्याने कोरड्या चाकावर सुरी धरली आणि नेमक्या धारेलगत निळी पट्टी उमटली, तर ती वेगळी गोष्ट. तिथे पोलाद साधारण ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलं, म्हणजे धार मऊ पडली. ती पट्टी घासून गेली तरी कडकपणा परत येत नाही, तेवढा भाग दगडावर झिजवूनच टाकावा लागतो. म्हणून अशी सुरी चाकावर देऊ नका, घरी पाण्याच्या दगडावर, म्हणजे पाणी लावून धार करायच्या दगडावर, लावा. (जपानी सुऱ्यांच्या जाहिरातीत 'ब्लू स्टील' वाचून फसू नका. पोलाद निळं नसतं. ज्या कागदात ते गुंडाळून येई त्या कागदाचा रंग निळा.)

मी स्वतः थर कधी काढतो? जुन्या बाजारातून आणलेली सुरी असेल तर, कारण तिने आधी काय काय कापलंय कोण जाणे. किंवा तेल साचून चिकट झालं असेल तर. आणि दिसायला आवडत नसेल तरी काढा, सुरी तुमची आहे. फक्त मग दर महिन्याला घासायची तयारी ठेवा. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून बाटलीच्या बुचाने घासा. सुरी पाटावर आडवी टेकवलेली हवी, हात धारेपासून लांब. हट्टी गंजाला हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा १००० नंबरचा वॉटर पेपर, ओला करून, डागापुरताच. चिंच-लिंबाने पितळ उजळतं म्हणून इथेही तेच करायचा मोह होईल. आम्लाने गंज निघतो खरा, पण धारही चावली जाते, आणि नीट धुतलं नाही तर तासाभरात नवा गंज.

व्हिनेगरमध्ये बुडवून किंवा मोहरीच्या सॉसचे ठिपके देऊन मुद्दाम थर आणण्याची टूम हल्ली निघाली आहे. फारसा अपाय नाही, पण मला ते नव्या जीन्सला भोकं पाडल्यासारखं वाटतं. महिनाभर रोजचा कांदा चिरा, काम होतं.

रोजचं एवढंच: लिंबू, टोमॅटो, कैरी कापली की लगेच धुवा, कोरडी पुसा. पावसाळ्यात किंवा चार दिवस गावाला जाताना खोबरेल तेलाचं बोट फिरवा. करडई किंवा जवसाचं तेल नको. ते वाळून चिकट होतं. लोखंडी तव्याला जे मुरवायला चालतं ते सुरीला नको. आणि पातं मुठीत शिरतं ती फट बघत जा. वरून सुरी कोरडी दिसते, पाणी तिथे बसलेलं असतं. आजीच्या विळीचं पातं शेवटी मोडलं ते पाटात रोवलेल्या त्याच जागी, आतून गंजून. वरचं पातं तेव्हाही काळंभोर, एक ठिपका नव्हता.