वाचकांचे प्रश्न : ‘पीस स्टेशन’चा शेरा आणि अपंगत्व पेन्शन

प्रश्न : मी मराठा लाइट इन्फंट्रीतून २४ वर्षांच्या सेवेनंतर २०१९ मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झालो. सेवेच्या सतराव्या वर्षी मला उच्च रक्तदाब निघाला. निवृत्तीच्या वेळी वैद्यकीय मंडळाने अपंगत्व कायमचे ३० टक्के ठरवले, पण आजार सेवेमुळे झालेला नाही आणि बळावलेलाही नाही, असे म्हणून अपंगत्व पेन्शन नाकारण्यात आले. पहिले अपील २०२१ मध्ये फेटाळले गेले. आता उशीर झाला का?
— एक माजी सैनिक, भांडुप

उत्तर : हवालदारसाहेब, मुदत टळली आहे, दावा बुडालेला नाही. सर्वांत आधी मंडळाच्या कार्यवाहीची प्रत काढा. जवळ नसेल तर बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसकडे माहिती अधिकारात मागा. तिच्यात मताच्या रकान्यापुढे कारण म्हणून बहुधा एवढेच लिहिलेले सापडते, की आजाराची सुरुवात पीस स्टेशनवर, म्हणजे युद्धक्षेत्राबाहेरच्या शांत ठाण्यावर झाली. पीस स्टेशनवर रात्रीच्या गार्डला आणि वरिष्ठांच्या बोलण्याला सुट्टी असते, असे माझ्या तरी ऐकिवात नाही. सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग प्रकरणात २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असेच धरायचे, पुढे प्रकृती ढासळल्यास ती सेवेमुळेच ढासळली असे मानायचे, आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार सरकारवर राहतो. मात्र मंडळाने वाढलेले वजन किंवा धूम्रपान अशी सकारण नोंद केली असेल, तर लढाई अवघड होते. तो कागद आधी वकिलांना दाखवा.

उशिराचे कारण लिहून दुसरे अपील करा आणि तेही फेटाळले गेले, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे अर्ज करा. तेथे सहा महिन्यांची मुदत असली, तरी उशीर माफ करण्याची तरतूद आहे. शिवाय पेन्शन दरमहा नाकारले जात असल्याने तो अन्याय चालूच आहे, असे न्यायालये मानतात. थकबाकी मात्र, तरसेम सिंग प्रकरणातील २००८ च्या निकालानुसार, साधारणपणे अर्जाच्या मागील तीन वर्षांचीच मिळते. म्हणजे दवडलेला प्रत्येक महिना तुमच्याच खिशातून जातो.

अर्जात आणखी एक मागणी स्वतंत्रपणे लिहा. ३० टक्के अपंगत्व हे पेन्शनच्या हिशेबात ५० टक्के धरले जाते, आणि पूर्ण मुदत संपवून निवृत्त झालेल्यांनाही हा लाभ द्यावा, असे राम अवतार प्रकरणात २०१४ मध्ये ठरले आहे. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के रक्कम मिळते; त्या हिशेबाने तुमची रक्कम ९ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर जाईल.